खाऱ्या पाण्यात टिकेल असे घड्याळ कोणते?

वाचकाचे पत्र, सारांशाने : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावातून हे पत्र आले आहे. पत्रलेखक पन्नाशीतले असून पतसंस्थेत नोकरी करतात. पावसाळ्याचे महिने सोडले तर ते रोज सकाळी खाडीत पोहतात आणि सुट्टीच्या दिवशी खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळावर, गरवायला (गळाने मासे धरायला) जातात किंवा पाग, म्हणजे फेकायचे जाळे, घेऊन पाण्यात उतरतात. गेल्या काही वर्षांत त्यांची दोन घड्याळे वाया गेली. पहिल्यावर ‘३० मीटर’ असे लिहिलेले होते. ते पोहताना आतून धुरकटले आणि महिन्याभरात बंद पडले. दुसरे ‘५० मीटर’चे होते, ते दोन वर्षे नीट चालले, पण बाजारात सेल बदलून आणल्यावर आठवड्याच्या आत त्यात पाणी शिरले. आता दुकानदार २०० मीटरचे घड्याळ घ्या असे सांगतो, दुबईला असलेला पुतण्या महागडे स्मार्टवॉच पाठवायला तयार आहे आणि पत्नीचे म्हणणे असे, की पाण्यात जाताना घड्याळ घरीच ठेवावे. त्यांचा प्रश्न असा : “मी दोन पुरुषांपेक्षा खोल कधीच जात नाही, मग ३० मीटरच्या घड्याळात पाणी जाते कसे? कंपन्या आपल्याला फसवतात का? एकदाच पैसे घालून दहा वर्षे डोक्याला ताप होणार नाही असे एकच घड्याळ सुचवा. दहा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.”

नमस्कार,

तुमच्या प्रश्नात दोन गृहीतके दडलेली आहेत आणि घड्याळाचे नाव सांगण्याआधी ती दोन्ही तपासून पाहणे मला आवश्यक वाटते. घड्याळावरचा मीटरचा आकडा म्हणजे ते किती खोल नेता येईल याची हमी, हे पहिले. जलरोधकता घड्याळाबरोबर एकदाच विकत मिळते आणि मग कायम राहते, हे दुसरे. तुमची दोन्ही घड्याळे या समजांमुळेच गेली असावीत, आणि ते दूर झाले नाहीत तर २०० मीटरचे तिसरे घड्याळही त्याच वाटेने जाईल.

आधी आकड्याबद्दल. पाण्यात दर दहा मीटर खोलीला दाब साधारण एक बारने (बार हे दाब मोजण्याचे एकक) वाढतो, म्हणून ३० मीटर म्हणजे तीन बार. ‘आयएसओ २२८१०’ हे २०१० सालचे आंतरराष्ट्रीय मानक रोजच्या वापराच्या जलरोधक घड्याळांसाठी आहे. त्यानुसार घड्याळ स्थिर पाण्यात, ठरलेल्या दाबाखाली, काही मिनिटे तपासले जाते, आणि प्रत्येक नग तपासण्याचे बंधन नाही. नमुन्यादाखल काही नग तपासले तरी चालते. याचा अर्थ असा, की तो आकडा कोऱ्या घड्याळाच्या प्रयोगशाळेतल्या परीक्षेचा निकाल आहे. तीन उन्हाळे मनगटावर काढलेल्या, दगडावर आपटलेल्या, घामाने आणि मिठाने माखलेल्या घड्याळाबद्दल तो काहीही सांगत नाही. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकातही ३० मीटरचे घड्याळ हात धुण्यापुरते आणि पावसाच्या शिंतोड्यांपुरते, ५० मीटरचे हलक्या पोहण्यापुरते आणि १०० मीटरचे नियमित पोहण्यासाठी, असेच लिहिलेले असते. त्यामुळे याला कायद्याच्या अर्थाने फसवणूक म्हणता येणार नाही. परंतु ज्या घड्याळाने पोहूही नये, त्याच्या तबकडीवर ‘३० मीटर’ लिहिणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तुम्हाला आलेला राग मला योग्य वाटतो.

या विषयावर एक स्पष्टीकरण दुकानांतून सर्रास ऐकायला मिळते, तेही येथे तपासून पाहू. पोहताना हात जोराने फिरतो, त्यामुळे पाण्याचा दाब कितीतरी पटींनी वाढतो आणि म्हणून ३० मीटरचे घड्याळ दोन मीटरवर बुडते, असे सांगितले जाते. गणित करून पाहिले तर हे टिकत नाही. हात सेकंदाला तीन मीटर वेगाने पाण्यातून गेला, तरी त्या वेगामुळे वाढणारा दाब जेमतेम अर्धा मीटर जास्त खोल गेल्याइतका असतो. विहिरीच्या काठावरून पाच मीटर खाली उडी मारली तर पाण्याशी भेट सेकंदाला सुमारे दहा मीटर वेगाने होते आणि तेव्हाही हिशेब पाच मीटर खोलीच्या आसपास येतो. अर्थात तो धक्का अचानक बसतो आणि त्यात एखादे बटण किंवा वेळ लावायची चावी हलू शकते, ही गोष्ट वेगळी. म्हणजे चांगल्या अवस्थेतले घड्याळ तुमच्या पोहण्याने बुडण्याचे कारण नाही. जे बुडते, त्याचे कारण बहुतेक वेळा दाबात नसून रबरात असते.

घड्याळात पाणी शिरू शकेल अशा जागा मोजक्याच : मागचे झाकण, काचेची कड, वेळ लावायची चावी आणि बटणे. या प्रत्येक जागी रबराची एक बारीक रिंग बसवलेली असते आणि तुमची सगळी जलरोधकता त्या रिंगांवर अवलंबून असते. उन्हाने, घामाने, साबणाने, तलावातल्या क्लोरीनने आणि नुसत्या वयानेही रबर कडक होते, चपटे होते, त्याला सूक्ष्म चिरा जातात. त्यात आपल्याकडच्या सवयींची भर पडते. खडपावर भर दुपारी दोन-तीन तास गरवताना काळे घड्याळ चांगलेच तापते, त्यातली हवा प्रसरण पावून कमकुवत रिंगेतून थोडी बाहेर पडते, आणि मग तुम्ही गार पाण्यात उडी घेता तेव्हा आत उरलेली हवा आकुंचन पावून बाहेरचे पाणी आत ओढते. पोहून आल्यावर घड्याळ हातात ठेवूनच कढत पाण्याने साबण लावून आंघोळ करणे हे त्याहून वाईट, कारण साधे पाणी शिरणार नाही अशा फटीतही साबणाचे पाणी शिरते. पहिले घड्याळ आतून धुरकटले म्हणजे त्यात बाष्प आधीच जमले होते. ते ज्या दिवशी दिसले, त्याच्या बरेच आधी रिंग निकामी झाली असण्याची शक्यता आहे.

दुसऱ्या घड्याळाची हकीकत तर तुम्हीच पत्रात सांगितली आहे, फक्त तिचा अर्थ तुम्ही लावलेला नाही. दोन वर्षे रोज पोहूनही जे कोरडे राहिले, ते सेल बदलल्यावर आठवड्यात भिजले, यात दोष ५० मीटरच्या आकड्याचा नाही. झाकण उघडले की जुनी रिंग आपल्या खाचेतून हलते, ताणली जाते, कधी तिच्यावर धूळ किंवा केसाचा तुकडा राहतो, आणि झाकण दाबून बसवताना ती एखाद्या ठिकाणी चिमटली जाते. साधा सेल बदलणारा दुकानदार घड्याळ चालू झाले की काम झाले असे मानतो, आणि त्याच्याकडे दाब तपासण्याचे यंत्र बहुधा नसतेच. पोहण्याच्या घड्याळाचा सेल बदलताना नवी रिंग, तिला सिलिकॉनचे ग्रीस आणि शेवटी दाबाची चाचणी, या तिन्ही गोष्टी मागून घ्याव्या लागतात. चाचणी कोरडीही करता येते. यंत्र हवेचा दाब देऊन घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचे कवच, किती दबते ते मोजते आणि त्यावरून गळती कळते. तुमच्या तालुक्यात ही सोय नसेल तर कोल्हापूर, पणजी किंवा मुंबईला कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जाणाऱ्या कोणाबरोबर घड्याळ पाठवावे, पण ते कोपऱ्यावरच्या टपरीत उघडू देऊ नये. त्याहून चांगला उपाय म्हणजे मुळात ज्याचे झाकण वर्षानुवर्षे उघडावेच लागत नाही असे घड्याळ निवडणे, आणि तुमच्या बाबतीत माझा सर्वाधिक भर याच मुद्द्यावर आहे.

आता मिठाचा विचार करू, कारण खाडीत आणि समुद्रात घड्याळ घालणाऱ्याचा खरा शत्रू खोली नसून मीठ आहे. स्वस्त घड्याळांच्या मागे पुष्कळदा ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असे कोरलेले असते. ते नीट वाचावे : स्टेनलेस स्टील फक्त मागचे झाकण आहे, बाकी केस बहुधा पितळेची किंवा मिश्रधातूची असून तिच्यावर क्रोमचा मुलामा आहे. खाऱ्या पाण्यात हा मुलामा फुगतो, सुटतो आणि खालचा धातू हिरवट होऊ लागतो. पूर्ण स्टेनलेस स्टीलमध्येही फरक आहे. ‘३१६ एल’ जातीच्या स्टीलमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे मिठाने पडणारे बारीक खड्डे त्याला सहजी पडत नाहीत. साध्या ‘३०४’ स्टीलला पडतात. टायटॅनियमला समुद्राच्या पाण्याची भीती जवळजवळ नाहीच, पण ते तुमच्या खर्चाच्या मर्यादेत बसणे अवघड आहे. रेझिन म्हणजे कठीण प्लॅस्टिकची केस गंजतच नाही, आणि मासेमारीसाठी तिला कमी लेखण्याचे काही कारण नाही.

आणि घड्याळ हरवण्याचे सर्वांत सामान्य कारण तर घड्याळाच्या बाहेरच असते : पट्टा केसला जोडणारी बारीक पिन. तिच्या आत स्प्रिंग असते, ती मिठाने आतून गंजते, वरून मात्र ठीक दिसते, आणि एके दिवशी पाण्यात तुटते. दरवर्षी पावसाळा संपला की दोन्ही पिना बदलाव्यात; खर्च अगदी किरकोळ येतो. केसची रचना परवानगी देत असेल तर दोन्ही पिनांच्या खालून जाणारा एकसंध नायलॉनचा पट्टा लावावा, म्हणजे एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर लोंबकळत राहते. चामड्याचा पट्टा पाण्यासाठी नाहीच. धातूच्या साखळीत गरवण्याची दोरी आणि जाळ्याचे धागे अडकतात, म्हणून तीही टाळावी.

तुम्ही पाग टाकता म्हणून आणखी एक सूचना. पागाची दोरी ज्या मनगटाला अडकवता त्या हातात घड्याळ घालू नये. पाग उघडताना तिथे चावी किंवा बटण अडकले तर जाळे नीट पसरत नाही, आणि दोरीला ओढ बसली तर ती नेमकी चावीवर बसते. शेवट्या माशांचा थवा समोर असताना हे लक्षात घ्यायला कोणाला वेळ असतो? घड्याळ दुसऱ्या हातात असावे आणि त्याची बटणे केसच्या कडेच्या आत दबलेली असावीत.

मग आकडा किती असावा? तुमच्या पोहण्यासाठी १०० मीटर पुरे आहे. २०० मीटरचे घ्या असे दुकानदार म्हणतो ते चुकीचे नाही, मात्र त्याचे कारण खोली हे नव्हे. २०० मीटरची घड्याळे बहुधा जाड रिंगा, आटे फिरवून बसणारे मागचे झाकण आणि काट्यांच्या घड्याळात आट्यांनी घट्ट होणारी चावी, अशी बांधलेली असतात, आणि झीज होण्यासाठी त्यांच्याकडे जास्त अवकाश असतो. आट्यांच्या चावीचे महत्त्व फार जुने आहे. १९२६ साली रोलेक्सने ‘ऑयस्टर’ घड्याळ आणले ते अशाच चावीच्या बळावर, आणि पुढच्या वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही जलतरणपटू इंग्लिश खाडीच्या गारठलेल्या पाण्यात दहा तासांहून अधिक काळ ते गळ्यात अडकवून पोहली. थंडीमुळे त्या वेळी तिला पैलतीर गाठता आले नाही, पण घड्याळ चालत राहिले. ज्याला खऱ्या अर्थाने पाणबुड्यांचे घड्याळ म्हणतात त्याचे मानक वेगळे आहे, ‘आयएसओ ६४२५’. त्यात किमान १०० मीटरची अट आहे, प्रत्येक नग लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली तपासावा लागतो, आणि मिठाच्या पाण्याचीही परीक्षा होते. अशा घड्याळावर ‘डायव्हर्स’ हा शब्द असतो. सिटिझनच्या प्रोमास्टर मालिकेत प्रकाशावर चालणारी २०० मीटरची अशी घड्याळे आहेत. ती उत्तम आहेत, पण दहा हजारांच्या बरीच वर जातात आणि तुमच्या कामाला त्यांची गरज नाही.

पुतण्याच्या स्मार्टवॉचबद्दल मी तुम्हाला स्पष्टपणे नको असेच सांगेन. पोहण्याचे अंतर आणि हृदयाचे ठोके मोजायचे असतील तर गोष्ट निराळी, परंतु पत्रात तसा कुठेही उल्लेख नाही. बहुतेक स्मार्टवॉच ५० मीटरची असतात. काहींवर फक्त ‘आयपी ६८’ हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा लिहिलेला असतो आणि ती परीक्षा गोड्या पाण्याची असते, खाऱ्या पाण्याची नव्हे. ओल्या, माशांच्या बुळबुळीत हातांना त्यांचा पडदा दाद देत नाही. ज्यांना मागे चार्जिंगचे धातूचे ठिपके असतात, त्यांच्यावर मीठ आणि घाम साचून ते खराब होतात. शिवाय त्यातली बॅटरी काही वर्षांत दुबळी होते, आणि ती बदलायची म्हणजे चिकटवलेले घड्याळ उघडायचे. तुम्हाला हवी असलेली दहा वर्षे त्यातून मिळणार नाहीत. पुतण्याचे मन मोडवत नसेल तर ते ऑफिसला वापरावे, खाडीत नेऊ नये.

पत्नीचे म्हणणे मात्र अर्धे स्वीकारण्यासारखे आहे. केवळ पोहण्यासाठी, काठाजवळ, ओळखीच्या पाण्यात, घड्याळाची खरोखर गरज नसते. खडपावर असते. ओहोटीला कोरड्या पायाने गेलेली वाट भरतीला पाण्याखाली जाते, आणि मासा लागत असताना वेळेचे भान सुटते. तिथे मनगटावर वाचता येईल असे घड्याळ असणे ही सुरक्षिततेची गोष्ट आहे. भरती-ओहोटी दाखवणारी घड्याळे मिळतात, पण त्यांत आपल्या बंदराची माहिती आपणच भरावी लागते आणि ती चुकली तर आलेखही चुकतो. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत असेलच : अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि मग रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी वेगाने आणि जास्त चढते, भांगाला कमी. ही वेळ घरून निघतानाच काढावी आणि घड्याळात परतण्याचा गजर लावावा. काट्यांचे घड्याळ असेल तर काचेभोवतीचे फिरणारे कडे त्याच कामाचे आहे : पाणी वळले की कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवावी. चांगल्या घड्याळात हे कडे एकाच दिशेने फिरते, म्हणजे चुकून धक्का लागला तरी उरलेला वेळ कमीच दिसतो, जास्त कधीच नाही.

या सगळ्यावरून तुमच्यासाठी माझी पहिली पसंती अंकांच्या, रेझिनच्या केसच्या, १०० मीटरच्या आणि दहा वर्षांच्या सेलच्या घड्याळाला आहे. कॅसिओच्या डब्ल्यू-८००एच आणि एई-१२००डब्ल्यूएच या दोन्ही मॉडेलांत हे सर्व आहे, गजर आणि दिवाही आहे, आणि दोन्ही तुमच्या मर्यादेच्या बऱ्याच आत बसतात. सेलची मुदत दहा वर्षांची असल्यामुळे दुसऱ्या घड्याळावर जी वेळ आली ती यावर लवकर येणार नाही. दिवा सारखा लावला तर मुदत कमी होते, इतकेच. कातळावर वारंवार आपटत असेल तर कॅसिओचेच २०० मीटरचे चौकोनी जी-शॉक घ्यावे. १९८३ साली कॅसिओचे अभियंते किकुओ इबे यांनी ते दहा मीटरवरून पडणे, दहा बार दाब आणि दहा वर्षांचा सेल असे तिहेरी उद्दिष्ट ठेवून घडवले होते, आणि त्या घराण्याचा मजबूतपणा आजही विश्वासार्ह आहे. प्रकाशावर चालणारे मॉडेल मिळाले तर तेच निवडावे. काट्यांचेच हवे असेल तर कॅसिओच्या एमडीव्ही-१०७ सारखे, स्टीलची केस, आट्यांची चावी आणि एका दिशेने फिरणारे कडे असलेले २०० मीटरचे घड्याळ योग्य ठरेल. त्यावर डायव्हर्सचे मानक नाही, पण पोहायला आणि गरवायला ते भरपूर आहे. त्याचा सेल मात्र तीनेक वर्षांनी बदलावा लागेल, तेव्हा वर सांगितलेली काळजी घ्यावी. सर्वत्र दिसणारे एफ-९१डब्ल्यू हे पातळ, स्वस्त घड्याळ घालून अनेक जण पोहतात आणि पुष्कळांचे टिकतेही, पण ते पोहण्यासाठी बनवलेले नाही, म्हणून मी ते सुचवणार नाही. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी, कारण या प्रसिद्ध मॉडेलांच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि नकलेवरचा मीटरचा आकडा ही नुसती छपाई असते.

दहा वर्षांबद्दल एक अट मी घालतो. रेझिनचा पट्टा दमट हवेत काही वर्षांनी ठिसूळ होऊन तडकतो, तो मधे एकदा-दोनदा बदलावा लागेल. दर वेळी खाऱ्या पाण्यातून आल्यावर घड्याळ गोड्या, साध्या पाण्याखाली धरावे, फिरणारे कडे असेल तर ते पाण्यातच दोन-तीनदा फिरवावे, महिन्यातून एकदा मऊ ब्रशने पट्ट्याच्या पिनांजवळचे मीठ काढावे. पाण्यात उतरण्याआधी चावी आत आहे का ते बोटाने पाहावे, आणि पाण्याखाली बटणे दाबू नयेत. दरवर्षी पावसाळ्यानंतर घरच्या घरी एक परीक्षा करता येते : घड्याळ थोडा वेळ उबदार जागी ठेवून काचेवर गार पाण्याचा थेंब टाकावा आणि मिनिटभराने पुसावा. काचेच्या आतल्या बाजूला धुके दिसले आणि रेंगाळले, तर आत बाष्प आहे आणि रिंगा बदलण्याची वेळ आली आहे.

इतके करूनही कधी खारे पाणी आत गेलेच, तर घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवण्यात वेळ घालवू नये. तांदूळ फार तर थोडी ओल घेईल, मीठ आतच राहील आणि सर्किट व सेलची टोके खाऊन टाकील. चावी ओढू नये, बटणे दाबू नयेत, उन्हात ठेवू नये. त्याच दिवशी ते जाणत्या घड्याळजीकडे नेऊन उघडून घ्यावे, सेल काढायला लावावा आणि पाणी खारे होते हे त्याला आवर्जून सांगावे, म्हणजे तो नुसते वाळवणार नाही, आतले मीठही काढील.